पुदिना वाफ्याबाहेर पसरला आहे; परसबागेतील अशा वनस्पतींना आवर कसा घालावा?

प्रश्न (सातारा, ९ फेब्रुवारी)

नमस्कार. आमच्या घरामागे साधारण २० फूट लांब आणि १५ फूट रुंद अशी परसबाग आहे. जमीन काळी आहे आणि स्वयंपाकघराच्या बाजूला तिला थोडा उतार आहे, त्यामुळे त्या कडेला ओलावा जरा जास्त काळ टिकतो. दोन वर्षांपूर्वी मंडईतून आणलेल्या पुदिन्याच्या जुडीतल्या पाच-सहा काड्या मी पेल्यात पाण्यामध्ये ठेवल्या होत्या. आठवडाभरात त्यांना मुळ्या फुटल्या, म्हणून कोथिंबीर आणि मेथीच्या वाफ्याच्या कडेला लावून टाकल्या. पहिल्या वर्षी चटणीपुरता पुदिना मिळत होता आणि आम्ही समाधानी होतो. गेल्या पावसाळ्यात मात्र त्याने असे काही हातपाय पसरले की दिवाळीनंतर पेरलेली मेथी त्यातून डोके वर काढू शकली नाही, आणि आता तो विटांची कड ओलांडून गुलाबांच्या आळ्यांत शिरला आहे.

परवा मी गुलाबाच्या बुंध्याजवळची माती खुरप्याने हलकेच उकरून पाहिली. विटेच्या खालून एक पांढरट, पेनच्या रिफिलएवढ्या जाडीचे खोड आले होते. दर दोन बोटांवर त्याला पेर होते, प्रत्येक पेराला केसांसारख्या मुळ्या होत्या आणि टोकाला टोकदार पांढरा कोंब होता. मी ते ओढत गेले, तर तीन फुटांवर मूळच्या पुदिन्यापाशी पोहोचायच्या आधीच ते तुटले आणि उरलेला भाग मातीतच राहिला. तेव्हा माझ्या लक्षात आले की मी गेले चार महिने वरची पाने उपटत होते आणि खाली त्याचे काम निर्वेध चालू होते.

याच बागेत आणखी दोन अडचणी आहेत. कढीपत्त्याच्या जुन्या झाडाभोवती पाच-सहा फुटांच्या परिघात सतत नवी रोपे येतात; मी ती कापते, पण काही दिवसांतच त्या जागी पूर्वीपेक्षा जास्त फूट दिसते. दुसरी अडचण ब्राह्मीची. सासूबाईंना तिच्या पानांची चटणी लागते, म्हणून गोल पानांची ब्राह्मी नळाजवळ लावली होती. ती आता पायवाटेच्या फरश्यांच्या फटींतूनही उगवते.

या तिन्ही वनस्पती आम्हांला हव्या आहेत, फक्त त्यांनी आपापल्या जागी राहावे एवढीच अपेक्षा आहे. बागेतले सगळे घरात खाल्ले जाते, त्यामुळे तणनाशक वापरायचे नाही असे आम्ही ठरवले आहे. अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १ (पुणे, ९ फेब्रुवारी)

नमस्कार ताई. पुदिन्याच्या बाबतीत मी याच अवस्थेतून गेले आहे, म्हणून जे उपयोगी पडले तेवढेच सांगते.

पुदिना मोकळ्या मातीत कधीही लावू नये. त्याला मोकळे रान मिळाले की तो थांबत नाही, मात्र त्याची धावती खोडे बहुतेक वेळा वरच्या पाच-सहा इंचांतच फिरतात, आणि याचाच आपल्याला फायदा घेता येतो. रंगकामानंतर उरणारी २० लिटरची प्लॅस्टिकची बादली स्वच्छ धुऊन घ्यावी, तिचा तळ करवतीने पूर्ण कापून टाकावा आणि ती जमिनीत अशी पुरावी की काठ मातीच्या वर किमान दोन-तीन इंच राहील. आत शेणखत मिसळलेली माती भरून पुदिना लावावा. काठ वर ठेवण्याला फार महत्त्व आहे. माझ्या बहिणीने दिसायला बरे नाही म्हणून काठ मातीच्या बरोबरीने ठेवला, आणि पहिल्याच पावसात पुदिना काठावरून पलीकडे उतरला.

तळ कापायचा की नुसती भोके पाडायची, याबद्दल मतभेद आहेत. माझा अनुभव असा की काळ्या जमिनीत भोके चिकट मातीने बुजतात, आत पाणी साचते आणि पुदिन्याची मुळे कुजतात, म्हणून तळ नसलेली बादलीच बरी. खोडे १४-१५ इंच खाली जाऊन पलीकडे वर येतील ही भीती मलाही होती, पण चार वर्षांत तसे एकदाही झालेले नाही. खरा धोका वरूनच असतो. लांबलेल्या फांद्या काठावरून लोंबतात, मातीला टेकतात आणि टेकल्या त्या पेरावर मूळ धरतात. त्यामुळे आठवड्यातून एकदा बादलीभोवती कात्री फिरवावी लागते. ती कापणी आपल्याला चटणीसाठी हवीच असते.

जागा थोडी मोठी हवी असेल, तर शहाबादी फरशीचे तुकडे उभे पुरून चौकट करता येते. फरशी विकणाऱ्यांकडे फुटके तुकडे स्वस्तात मिळतात. एक फूट खोल आणि तीन इंच वर, असे ठेवावे. विटांची कड मात्र पुदिन्याला थोपवू शकत नाही, कारण दोन विटांमधील फट आणि विटेखालची जागा त्याला पुरेशी होते. आपल्या बागेत नेमके हेच झालेले दिसते.

प्रतिसाद २ (नागपूर, १० फेब्रुवारी)

आमच्याकडे अंगणाच्या कडेला वाढलेल्या गवतावर खडेमिठाचे दाट पाणी आणि व्हिनेगर एकत्र करून टाकतात. दोन दिवसांत सगळे वाळून जाते. रासायनिक औषध नको असेल, तर हा घरगुती उपाय करून पाहावा. गुलाबाच्या मुळाशी जाणार नाही एवढी काळजी घ्यावी.

प्रतिसाद ३ (राहुरी, १० फेब्रुवारी)

मी निवृत्त कृषी सहायक आहे. आधी मिठाबद्दल लिहितो, कारण कोणी तो प्रयोग उद्या सकाळीच करून बसेल याची मला चिंता वाटते.

नागपूरच्या मित्रांचा हेतू चांगला आहे, परंतु परसबागेत, आणि त्यातही काळ्या जमिनीत, मीठ घालू नये. मिठातील सोडियममुळे काळ्या मातीचे कण सुटे होतात, तिची रवाळ घडण मोडते, पाणी मुरेनासे होते आणि वाळल्यावर जमीन दगडासारखी होते. ज्या गावांत कालव्याच्या अतिरिक्त पाण्याने जमिनी चोपण, म्हणजे सोडियम साचून घट्ट, झाल्या आहेत, तेथील शेतकऱ्यांना हे वेगळे सांगावे लागत नाही. एकदा बिघडलेली जमीन सुधारण्यासाठी जिप्सम, निचरा आणि कित्येक हंगाम लागतात. व्हिनेगर फक्त वरची पाने करपवते. मातीखालच्या पांढऱ्या खोडाला त्याची काही बाधा होत नाही आणि पंधरवड्यात तेथून नवी पाने येतात. म्हणजे पुदिना राहील आणि मेथीची जमीन जाईल. अंगणातील फरशीच्या फटींसाठी उकळते पाणी पुरते, तेथेही मिठाची गरज नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळतो. ताई, आपण तिन्ही वनस्पतींचा उल्लेख एकत्र केला आहे, पण त्या तीन वेगळ्या मार्गांनी पसरतात, आणि म्हणून एकीचा उपाय दुसरीला लावला तर त्रास वाढतो. कोणतीही वनस्पती आवरण्यापूर्वी ती पसरते कशाने, हे आपण पुदिन्याबाबत जसे खुरप्याने उकरून पाहिले तसे पाहावे. ते चार महिन्यांच्या उपटण्यापेक्षा अधिक मोलाचे काम झाले आहे.

पुदिना जमिनीलगतच्या आणि जमिनीखालच्या धावत्या खोडांनी पसरतो. त्याचा प्रत्येक पेर हे एक संभाव्य रोप असते, त्यामुळे कुदळीने किंवा फावड्याने घाव घातले की एका खोडाची दहा रोपे होतात. तो काढायचा असेल, तर आदल्या दिवशी वाफ्याला हलके पाणी द्यावे, दुसऱ्या दिवशी माती वाफशावर, म्हणजे ओलसर पण हाताला न चिकटणारी, आली की दाताळ्याने किंवा काटेरी फावड्याने ती खालून उचलून सैल करावी, आणि मग खोडे हातांनी सावकाश ओढून काढावीत. आपले खोड मध्येच तुटले, कारण फेब्रुवारीत माती आवळून आलेली असते. गुलाबाच्या आळ्यात हे काम छाटणीच्या वेळी केले तर बुंध्याशी जायला जागा मिळते. पहिल्या खेपेला सगळे निघेल अशी अपेक्षा ठेवू नये. तुकडे राहतातच, आणि त्यांतून आलेला कोंब दोन-चार पानांचा असतानाच काढला, तर त्या तुकड्यातील साठा संपत जातो. अशा चार-पाच फेऱ्या लागतील.

बादलीबद्दल पुण्याच्या ताईंनी लिहिले आहे ते योग्य आहे. त्यात एवढीच भर घालतो की बादलीतील पुदिना वर्ष-दीड वर्षात दमतो. मधला भाग उघडा पडतो, काड्या लाकडासारख्या होतात आणि सगळा जोम कडेला जातो, कारण खोडे गोल गोल फिरून काठालगत गुंडाळली जातात. वर्षातून एकदा, पावसाळ्याच्या सुरुवातीला, सगळा गड्डा बाहेर काढून कडेचा एक ताजा तुकडा तेवढा ठेवावा आणि नव्या मातीत लावावा. पानांच्या खालच्या बाजूला नारिंगी-तपकिरी पुळ्या दिसल्या, तर तो तांबेरा समजावा. अशा गड्ड्याचा तुकडा पुन्हा लावू नये.

कढीपत्त्याची गोष्ट अगदी वेगळी आहे. ती रोपे दोन प्रकारची असतात आणि ती ओळखणे सोपे आहे. माती बाजूला केल्यावर रोप स्वतःच्या सरळ सोटमुळावर उभे असेल, तर ते बियांचे आहे. बुलबुल, कोकीळ यांच्यासारखे पक्षी पिकलेली काळी-जांभळी फळे खातात आणि बी टाकतात. अशी रोपे ओल्या मातीत नुसती उपटली तरी प्रश्न संपतो, आणि फुलोरा फळे धरण्यापूर्वी कापला तर ती येतच नाहीत. परंतु रोप जर आडव्या जाणाऱ्या जाड मुळावर उभे असेल, तर ते मूळ झाडाचे पिलू आहे. त्याला जमिनीलगत कात्री लावली की खालच्या सुप्त कळ्या जाग्या होतात आणि एकाच्या जागी तीन येतात. आपल्याकडे हेच होत असावे. त्यासाठी पिलाचा आणि मातृमुळाचा सांधा दिसेपर्यंत माती उकरावी, एका हाताने मूळ दाबून धरावे आणि दुसऱ्या हाताने पिलू बाजूला ओढून सांध्यापासून फाडून काढावे. कापण्याऐवजी फाडल्यामुळे त्या सांध्यावरच्या कळ्याही निघून येतात. झाडाभोवती खोल खणणे मात्र बंद करावे, कारण कुदळ लागून जखमी झालेल्या मुळातून हमखास फूट येते. म्हणजे ज्या खणण्याने पुदिन्याला आळा बसतो, त्याच खणण्याने कढीपत्ता वाढतो. त्या झाडाखाली पालापाचोळ्याचे चार बोटे जाड आच्छादन करावे आणि जमीन शांत राहू द्यावी.

आपली गोल पानांची ब्राह्मी म्हणजे मंडूकपर्णी. बारीक, मांसल पानांची आणि पांढरट फुलांची जी दुसरी ब्राह्मी पाणथळ जागी येते ती जलब्राह्मी. दोन्हींना एकच नाव चालते, म्हणून हे स्पष्ट केले. मंडूकपर्णीची खोडे जमिनीवरूनच धावतात, त्यामुळे तिघींमध्ये ती आवरायला सर्वांत सोपी आहे. तिला ओल आणि थोडी सावली लागते. नळाचे ठिबकणारे पाणी बंद झाले आणि ती एका पसरट कुंडीत गेली, तर फरश्यांमधली ब्राह्मी उन्हाळ्यात आपोआप कमी होईल. आणखी एक काळजी घ्यावी. ती आपल्या पोटात जाते, म्हणून सांडपाण्यावर वाढलेली पाने चटणीला घेऊ नयेत.

प्रतिसाद ४ (सावंतवाडी, ११ फेब्रुवारी)

वरील काकांचे उत्तर वाचून मला आमच्या परसातल्या अनेक गोष्टींचा उलगडा झाला. कोकणात पाऊस आणि माती अशी आहे की येथे लावलेले जगवण्यापेक्षा आवरण्याचेच काम अधिक असते, म्हणून दोन-तीन अनुभव जोडते.

आमच्या मोरीच्या मागे अळवाचा बेट आहे. तो अर्ध्या परसात गेला होता, आणि आम्ही कंद उपटून टाकत होतो तरी पुढच्या आषाढात तेवढाच उभा राहत होता, कारण मातीत राहिलेला बोराएवढा कंदही पुरतो. शेवटी सासऱ्यांनी कंदांचा नाद सोडून पाण्याचा विचार केला. मोरीचे पाणी मोकळे न सोडता एका पन्हळीतून माडाच्या आळ्यात नेले. दोन उन्हाळ्यांत अळू पन्हळीच्या काठापुरता उरला. वनस्पती जिकडे पाणी आहे तिकडे धावते, हे तेव्हा प्रत्यक्ष पाहिले.

गुळवेलीबद्दल विशेष सांगावेसे वाटते, कारण अलीकडच्या वर्षांत पुष्कळ घरांत ती काढ्यासाठी लावली गेली आहे. आमच्या वेलीने फणसाच्या झाडावर बस्तान बसवले आणि तिसऱ्या वर्षी फणसाच्या शेंड्यांना ऊन मिळेनासे झाले. आम्ही ती बुंध्याशी तोडली आणि निश्चिंत झालो. दीड महिन्याने पाहतो तो वरचा भाग हिरवागार होता, आणि फांद्यांवरून सुतळीसारख्या हिरवट मुळ्या खाली लोंबत येत होत्या. त्यांतली एक जमिनीला टेकलीही होती. गुळवेलीचा तोडलेला तुकडा नुसता कुंपणावर अडकवून ठेवला तरी महिनोन्‌महिने जिवंत राहतो. म्हणून ती तोडायची असेल, तर वरचा सगळा वेल उतरवून घ्यावा, लोंबणाऱ्या मुळ्या कापाव्यात आणि तुकडे पत्र्यावर कडकडीत वाळवावेत. लावायचीच असेल, तर स्वतंत्र खांबावर किंवा मांडवावर, हात पोहोचेल एवढ्या उंचीपर्यंत ठेवावी.

आता जे मला सर्वांत कळकळीने सांगायचे आहे ते सांगते. उपटलेले कोठे टाकतो याकडे आपण फारसे लक्ष देत नाही. आमच्या वाडीत एका घरी रोपवाटिकेतून वेडेलिया आणली होती. ही पिवळ्या फुलांची, जमिनीवर चटईसारखी पसरणारी वनस्पती आहे. ती दिसायला सुंदर असते आणि देखभाल लागत नाही, म्हणून हिरवळीऐवजी पुष्कळ ठिकाणी लावतात. ती वाढली तेव्हा छाटलेला भारा व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, काठावर टाकला गेला. आज त्या व्हाळाच्या दोन्ही बाजूंना जेथे पूर्वी नेचे आणि रानहळद दिसायची, तेथे लांबपर्यंत फक्त वेडेलिया आहे. तिचाही प्रत्येक पेर मूळ धरतो. जगातील १०० अतिउपद्रवी आक्रमक प्रजातींची जी यादी प्रसिद्ध आहे, तिच्यात वेडेलियाचे नाव आहे, आणि त्याच यादीत आपल्या डोंगरांवरील घाणेरी, आमच्याकडची रानमोडी आणि नद्यांमधली जलपर्णी यांचीही नावे आहेत. घाणेरी आणि जलपर्णी या दोन्ही परदेशांतून शोभेची झाडे म्हणूनच आपल्या देशात आल्या होत्या. घाणेरी कोणा एकाच्या बागेचे कुंपण होती, आणि आज सह्याद्रीच्या उतारांवर गुरांना चरायला जागा उरत नाही. म्हणून कृपया पुदिना असो, ब्राह्मी असो की वेडेलिया, उपटलेले ओढ्याकाठी, रस्त्याकडेला किंवा मोकळ्या प्लॉटवर टाकू नये. खताच्या खड्ड्यातही ओले टाकू नये, कारण तेच खत पुढे सगळ्या वाफ्यांत जाते. गच्चीवर पसरून ते हाताने चुरगळेल एवढे वाळवावे आणि मगच खड्ड्यात घालावे.

प्रश्नकर्ती (सातारा, १२ फेब्रुवारी)

आपण सर्वांनी एवढ्या आत्मीयतेने आणि सविस्तर लिहिले याबद्दल मनापासून आभार. काकांनी सांगितल्याप्रमाणे आज कढीपत्त्याखाली माती बाजूला करून पाहिली. अकरा रोपांपैकी तीन बियांची होती आणि आठ एकाच आडव्या मुळावर ओळीने उभी होती. ते मूळ अंगठ्याएवढे जाड आहे आणि त्याच्यावर माझ्याच कुदळीचे दोन जुने घाव स्पष्ट दिसत होते. सर्वांत जास्त फूट त्या घावांभोवतीच आहे.

दोन शंका आहेत. मेथीचा वाफा मी यंदा उन्हाळ्यात रिकामा ठेवू शकते. त्यावर प्लॅस्टिक अंथरून पुदिन्याचे राहिलेले तुकडे मारता येतील का? आणि त्या वाफ्याच्या एका कोपऱ्यात लव्हाळा हे गवतासारखे तणही आहे. तोही याच उपायाने जाईल का?

प्रतिसाद ५ (राहुरी, १२ फेब्रुवारी)

पुदिन्यासाठी हा उपाय चांगला आहे. एप्रिलच्या सुरुवातीला वाफा सपाट करावा, ढेकळे फोडावीत आणि भरपूर पाणी द्यावे, कारण ओल्या मातीत उष्णता खोलवर जाते. नंतर पातळ, पारदर्शक प्लॅस्टिक मातीला चिकटून राहील असे ताणून अंथरावे आणि चारही कडा मातीत गाडाव्यात. काळे प्लॅस्टिक स्वतः तापते, परंतु ऊन आत जाऊ देत नाही, म्हणून या कामाला पारदर्शकच घ्यावे. पाच ते सहा आठवडे ते हलवू नये. पुदिन्याची खोडे वरच्या थरात असल्याने त्या उष्णतेत मरतात आणि तणांचे बरेचसे बीही जाते. नंतर वाफा खोल खणू नये, नाही तर खालचे न तापलेले बी वर येते.

लव्हाळ्याचे तसे नाही. त्याच्या गाठी जमिनीत एकीखाली एक, तारेसारख्या बारीक मुळ्यांनी जोडलेल्या असतात आणि खोलवरच्या गाठींपर्यंत ही उष्णता पोहोचत नाही. त्याचा कोंब इतका टोकदार असतो की तो पातळ प्लॅस्टिकही भोसकून वर येतो. साखळी अखंड असते तोवर टोकाची गाठ बाकीच्यांना दाबून ठेवते. आपण कुदळीने साखळी तोडली की झोपलेल्या सगळ्या गाठी एकदम जाग्या होतात. नांगरट केल्यावर लव्हाळा दाट का येतो, असे शेतकरी नेहमी विचारत, त्याचे कारण हेच आहे.

त्याचे वैर सावलीशी आहे. त्या कोपऱ्यात पावसाच्या तोंडावर रताळ्याचे वेल दाट लावावेत आणि ते जमीन झाकेपर्यंत दर दहा-पंधरा दिवसांनी लव्हाळ्याची पाती गाठीच्या सांध्यापासून काढत राहावे. पान मिळाले नाही तर नवी गाठ भरत नाही. एका हंगामात तो नाहीसा होणार नाही, पण दोन-तीन वर्षे सावली आणि ही नियमित काढणी सांभाळली, तर तो वाफ्याला उपद्रव देण्याइतका उरत नाही. मी स्वतः माझ्या घराच्या मागे हेच केले आहे आणि त्या जागेतून रताळीही मिळाली.

प्रतिसाद ६ (नागपूर, १३ फेब्रुवारी)

मिठाबद्दल काकांनी जे लिहिले ते मला माहीत नव्हते. आमच्या अंगणाच्या ज्या कडेला आम्ही ते पाणी टाकत होतो, तेथे गेली तीन वर्षे झेंडूदेखील नीट येत नाही, आणि त्याचे कारण आता कळले. हा उपाय सुचवल्याबद्दल दिलगीर आहे. ती जमीन सुधारण्यासाठी काय करावे?

प्रतिसाद ७ (राहुरी, १३ फेब्रुवारी)

दिलगिरीची आवश्यकता नाही. आपण लिहिले म्हणूनच हा विषय निघाला. कड लहान असेल, तर वरची सहा इंच माती काढून टाकून नवी भरणे हाच सर्वांत जलद मार्ग आहे. तसे शक्य नसल्यास जिप्सम मातीत मिसळावे, भरपूर शेणखत घालावे आणि पाणी बाहेर निघून जाईल असा चर काढावा. पावसाळ्यात मीठ धुऊन जाण्यासाठी निचऱ्याची वाट असणे आवश्यक आहे. पहिल्या वर्षी तेथे झेंडूऐवजी पालक किंवा बीट लावून पाहावे, ही पिके खारट जमीन तुलनेने सोसतात.

प्रश्नकर्ती (सातारा, २० ऑगस्ट)

सहा महिन्यांनी पुन्हा लिहीत आहे, कारण येथे विचारणारे उत्तरे घेऊन जातात आणि पुढे काय झाले ते कळत नाही, अशी वाचक म्हणून माझीच तक्रार असते.

गुलाबांच्या आळ्यांतून पुदिना पाच फेऱ्यांत निघाला. पहिल्या फेरीत पाऊण घमेले खोडे निघाली आणि शेवटच्या फेरीत मूठभर. सगळी गच्चीवर वाळवली. मे महिन्याच्या उन्हात त्यांना आठ दिवस पुरले. मेथीच्या वाफ्यावर ५ एप्रिल ते १५ मे या काळात प्लॅस्टिक अंथरले होते. काढले तेव्हा लव्हाळ्याच्या कोपऱ्यात प्लॅस्टिकला सुईने टोचल्यासारखी तेवीस भोके होती, आणि प्रत्येक भोकातून एक हिरवे पाते वर आले होते. बाकीच्या वाफ्यात जूनपासून आजपर्यंत पुदिन्याची फक्त दोन रोपे दिसली. त्या कोपऱ्यात आता रताळ्याचे वेल आहेत आणि मी पंधरा दिवसांनी एकदा तेथे बसते.

कढीपत्त्याची आठही पिले पावसाच्या पहिल्या आठवड्यात काकांच्या सांगण्याप्रमाणे सांध्यापासून फाडून काढली. त्यांतल्या चारांना थोडी स्वतंत्र मुळे होती, ती पिशव्यांत लावली आणि शेजारी दिली, तीन जगली. त्या जागी आतापर्यंत एकच नवा कोंब आला आहे, आणि तो मी कुदळीने जखमी केलेल्या भागावरच आहे. मंडूकपर्णी पसरट कुंडीत आहे. नळाची गळती दुरुस्त केल्यावर पायवाटेवरची बहुतेक मे महिन्यातच वाळली, परंतु पाऊस सुरू झाल्यावर सावलीतल्या तीन फटींतून ती परत आली आहे आणि तेवढी हाताने काढते.

पुदिन्यासाठी बादलीऐवजी शहाबादी फरशीची दोन फूट बाय दोन फूट अशी चौकट केली, कारण आमच्याकडे तो रोज लागतो. गेल्या रविवारी चौकटीबाहेर, अगदी एका कोपऱ्याशी, दोन पाने दिसली. माती उकरली तर दोन फरश्या जेथे मिळतात तेथील बोटभर फटीतून एक पांढरे टोक बाहेर आले होते. ते आतून ओढून काढले आणि चारही कोपरे सिमेंटने भरून घेतले. पुण्याच्या ताईंना विनंती आहे की ज्यांना त्या फरशीची चौकट सुचवतील त्यांना कोपऱ्यांतील ही फट सुरुवातीलाच बुजवायला सांगावी. पुदिना लावल्यानंतर ते काम करताना मला अर्धी चौकट पुन्हा उपसावी लागली.